विचारणारं माणूस

दुसऱ्यांना प्रश्न विचारणं हे माझं काम आहे आणि त्याचाच मला पगार मिळतो. दिल्लीच्या द्वारकेतल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब तपासणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मी नोकरी करते. दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेल्या या उपनगरात सेक्टरमागून सेक्टर सोसायट्याच सोसायट्या आहेत. कुठली बँकवाल्यांनी काढलेली, कुठली फौजेतून निवृत्त झालेल्यांची, कुठली एखाद्या सरकारी खात्यातल्या बाबूंची. फाटकाशी गार्डची चौकी, आत पार्किंगवरून कायमची भांडणं, तळमजल्याला ट्यूबलाइटच्या उजेडात सोसायटीचं ऑफिस. दिल्ली सहकारी संस्था कायदा 2003 प्रमाणे दर वर्षी यांचं ऑडिट व्हावं लागतं. मी जाते, कपाटातल्या फायली खाली काढते आणि सुरू होते. लिफ्टच्या दुरुस्तीची कोटेशनं कुठे आहेत? सिंकिंग फंडातली एफडी मोडली, त्याचा ठराव कुठे आहे? या व्हाउचरवर सही कुणाची?

लोकांना हे आवडत नाही. चहा येतो, पण बिस्किटं येत नाहीत. मला मात्र कुणीतरी विचारत असण्याचं मोल लहानपणापासून माहीत आहे.

नेवासे तालुक्यातलं वडाळा हे आमचं गाव. अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. 1813 साली मुंबईत काम सुरू केलेलं हे मिशन पुढे नगर जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांत पसरलं आणि आमची माणसं महारवाड्यातून उठून त्या मंडळीत आली. रविवारी चर्चची घंटा झाली आणि तुम्ही उपासनेला दिसला नाहीत, तर सोमवारी सकाळी पाळकीणबाई दारात उभ्या. "काल दिसली नाहीस गं? अंगात कणकण होती का?" आवाज मायेचा, पण डोळे चुलीवर काय शिजतंय, घरात पाहुणा कोण, सगळं टिपणारे. शब्बाथ शाळेत वचन पाठ नसलं तर बाईंच्या आधी आजीला कळायचं. रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना, बाबा पेटीवर, आणि डुलकी घेणाऱ्याच्या पाठीत आईचा गुद्दा. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यातली आमची ख्रिस्ती कीर्तनं. टाळ तेच, मृदंग तोच, अभंगाची चालही तीच, आख्यान तेवढं उधळ्या पुत्राचं.

तिथे विश्वासात टिकून राहायचं म्हणून वेगळं काही करावं लागत नव्हतं. तुम्हाला टिकवून धरण्याचं काम गावच करत असे.

नवऱ्याला विमानतळाच्या कार्गोत नोकरी लागली म्हणून 2014 च्या पावसाळ्यात आम्ही द्वारकेत आलो. विमानतळ इतका जवळ, की उतरणाऱ्या विमानाच्या पोटावरची अक्षरं गच्चीतून वाचता येतात. पहिल्याच हिवाळ्यात, 1 डिसेंबरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलशाद गार्डनमधलं सेंट सेबॅस्टियन चर्च आगीत जळालं. पुढच्या दोन महिन्यांत दिल्लीतल्या आणखी काही चर्चमध्ये मोडतोड झाली आणि 5 फेब्रुवारी 2015 ला सेक्रेड हार्ट कॅथेड्रलबाहेर निदर्शनं करणाऱ्यांना पोलिसांनी उचलून नेलं. गावाकडून फोनवर फोन. आई म्हणाली, गळ्यातला क्रूस आत घाल. मी घातला नाही. पण यात शौर्य बिलकूल नव्हतं. दिल्लीच्या थंडीत स्वेटर, शाल आणि मफलरखालचा क्रूस दिसणार कुणाला?

त्या दिवसांची भीती खोटी नव्हती आणि देशात काही ठिकाणी ती आजही खरी आहे. पण इतकी वर्षं इथे राहून सांगते, भीतीपोटी विश्वास सोडलेलं माणूस मला द्वारकेत भेटलेलं नाही. रविवारची झोप, मुलांची ट्यूशन, महिन्याचा बाजारहाट आणि 'पुढच्या रविवारी नक्की' म्हणता म्हणता चर्चची वाट विसरलेली माणसं मात्र पुष्कळ भेटली. कुणी ठरवून सोडत नाही. इथे विचारायलाच कुणी नसतं, एवढंच.

आम्ही सीएनआयच्या एका मोठ्या चर्चमध्ये जायला लागलो. तसं ते परकं नव्हे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेच मुळी आमच्या महाराष्ट्रात, नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970 ला, आणि गावचं आमचं चर्चही त्यातलंच. उपासनेचा क्रम ओळखीचा, फक्त भाषा हिंदी. पण मेट्रोच्या ब्लू लाइनने जायला तास, यायला तास, आणि तिथे एवढी माणसं, की मी आले काय आणि न आले काय, बाकावरची जागा कुणीतरी घेणारच. एकदा सलग काही आठवडे आम्ही गेलो नाही. परत गेलो तर दारावरच्या भल्या माणसाने हसून विचारलं, "दिल्ली में नए आए हैं?"

शिवाय आमच्या आडनावाची गंमत. ऑफिसात सगळ्यांनी आम्हाला मराठे धरलं होतं. ख्रिस्ती म्हटलं की उत्तरेतल्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक तर केरळ येतं नाही तर गोवा. "पर आपका सरनेम तो..." असं म्हणून वाक्य अर्धं सोडतात. मग मी नगर जिल्हा, मिशन, टिळक असं सगळं सांगायला लागते आणि त्यांचा चहा गार होतो. नारायण वामन टिळकांचं नाव इथे कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन ब्राह्मण आमच्या जिल्ह्यात राहिला, मराठीतली आमची अर्धी गाणी त्याने लिहिली, आणि 1917 साली मिशनचा पगार सोडून त्याने 'देवाचा दरबार' काढला. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' मी हिशेबनिसाच्या डोळ्यांनी वाचते तेव्हा माझा जीव वरखाली होतो. या माणसाच्या हातात पैसा कधी टिकलाच नाही! असा क्लायंट मला देऊ नकोस, अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करते.

विचारणारं माणूस मला शेवटी भेटलं ते आमच्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे मल्याळी नर्सेस भाड्याने राहतात. सगळ्यांत थोरलीला सगळ्या चेची, म्हणजे ताई, म्हणतात, मीही म्हणायला लागले. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे गृहप्रार्थना असते. दाराबाहेर चपलांचा ढीग, बाल्कनीत वाळत घातलेले गणवेश, आतल्या खोलीत नाइट ड्यूटीवाली झोपलेली, म्हणून गाणी दबक्या आवाजात. त्यांच्यात कुणी ऑर्थोडॉक्स, कुणी मार थोमा, कुणी सिरो-मलबार कॅथलिक, एक पेंटेकोस्टल. गावी या चौघी एका चर्चमध्ये कधी बसल्या नसत्या. गाणी मल्याळममध्ये, वाचन हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि माझ्यासाठी म्हणून शेवटची प्रार्थना मराठीत, जी माझ्याशिवाय कुणालाच कळत नाही.

चेचीकडे एक वही आहे. शाळेची, दोनशे पानी, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खूश झाले, कारण तिच्यात रकाने होते. तारीख, नाव, विनंती, आणि शेवटचा रकाना मोकळा. भावाचा व्हिसा. आईचा बायोप्सी रिपोर्ट. वॉर्डातल्या सिस्टर इन्चार्जशी बोलणं सुटलंय. ऑपरेशनचं बिल. दोन-तीन आठवड्यांनी चेची वही उघडून एकेकीला विचारते, "इसका क्या हुआ?" मग शेवटच्या रकान्यात लिहिते. झालं. नाही झालं. वाट पाहतोय. 'नाही झालं' हेही ती त्याच अक्षरात, त्याच पेनाने लिहिते. मी पुष्कळ वह्या पाहिल्या आहेत. इतकी सरळ वही क्वचित पाहिली. सिस्टर इन्चार्जवाली ओळ तिने तीन वेळा काढली. "बात किया?" "नहीं चेची." "अगले गुरुवार फिर पूछूँगी." तिसऱ्या वेळी त्या मुलीने कंटाळून जाऊन बोलून टाकलं.

माझंही नाव त्या वहीत आहे. पहिली विनंती मी घातली ती पाण्याच्या टँकरची.

द्वारकेत पाण्याची ओरड जुनी. जमिनीखालचं पाणी खारं, आणि या उपनगरासाठी बांधलेला दिवसाला 5 कोटी गॅलन क्षमतेचा जलशुद्धीकरण प्रकल्प हरियाणाबरोबरच्या मुनक कालव्याच्या वादात वर्षानुवर्षं अडकून राहिला. तो चालू झाला 2015 मध्ये. तोवर सोसायट्या टँकरवर जगल्या, आणि अजूनही उन्हाळा आला की टँकर येतातच. जिथे टँकर तिथे बिलं. एका सोसायटीत मे महिन्याची बिलं मला जरा जास्तच गोंडस वाटली. एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखी. मी फाटकावरच्या गार्डचं रजिस्टर मागवलं. कडा मुडपलेलं, चहाचे डाग पडलेलं, हिंदी अक्षर वेडंवाकडं, पण प्रत्येक गाडीची वेळ आणि नंबर टिपलेला. बिलांत जेवढे टँकर होते त्याच्या निम्मेही फाटकातून आत आले नव्हते. एका दुपारी तर एकच टँकर बिलाप्रमाणे वीस मिनिटांत दोनदा रिकामा झाला होता. टँकर रिकामा करायलाच अर्धा तास लागतो.

खजिनदार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी दार लोटून घेतलं. "मैडम, घर की बात है. सोसाइटी की सब को चिंता है, रिपोर्ट में मत डालिए." मग मी क्रूसाला नकळत हात लावला असेल, त्यांची नजर तिकडे गेली आणि ते म्हणाले, "आप लोग तो वैसे भी सेवा वाले लोग हैं, माफ़ करने वाले."

तो गुरुवार होता. मी वहीत लिहायला लावलं: टँकर. चेचीला ऑडिटमधलं काही कळत नाही. तिने एवढंच विचारलं, "रजिस्टर सच्चा है?" मी म्हटलं, हो. "तो लिखो ना. माफ़ करना बाद में."

मी लिहिलं. आमच्या सीए सरांनी सही केली, ही त्यांचीही हिंमत. सर्वसाधारण सभेत गोंधळ झाला, पुढच्या वर्षी त्या सोसायटीने दुसरा ऑडिटर नेमला. फर्मचं एक काम गेलं. पण या प्रसंगाचं श्रेय माझ्या धर्माला देताना मी जपून असते. कुणी "ईसाई हैं, झूठ नहीं बोलेंगी" असं म्हटलं की मला संकोचल्यासारखं होतं, कारण त्या गोष्टीतला खरा माणूस बुंदेलखंडातून आलेला तो गार्ड होता. बारा तासांची ड्यूटी, चौकीत हनुमानाचं कॅलेंडर, आणि कुणी वाचणार नाही हे माहीत असताना रोज खरं लिहिलेलं रजिस्टर. त्याने खरं लिहिलं नसतं तर माझ्या खरेपणाला करण्यासारखं काही उरलंच नसतं.

आणि माझ्या पेशाला शास्त्रात तरी कुठे मान आहे? आजी म्हणायची, मत्तय जकातनाक्यावर बसलेला, जक्कय मुख्य जकातदार, आणि बारा शिष्यांची पैशांची डबी कुणाकडे, तर यहूदाकडे. "हिशेबाची नोकरी धरलीस? जप बाई." जक्कय उंबरावरून उतरल्यावर काय म्हणाला, तर ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देईन. चौपट द्यायचं तर कुणाचं किती घेतलं ते माहीत पाहिजे. म्हणजे त्याने वह्या नीट ठेवल्या असणार, असं माझं मत आहे. पाळकसाहेबांना सांगितलं तर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

लोकांना वाटतं, आमची कसोटी दिवाळीत लागते. ऑफिसात लक्ष्मीपूजन असतं, नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक आणि शुभ-लाभ निघतं, हल्ली मॉनिटरलाही कुंकू लागतं. मी झाडलोट करू लागते, रांगोळीला रंग आणून देते, आरतीच्या वेळी मागे उभी राहते. आरती म्हणत नाही, टिळा लावून घेत नाही. लाडू मात्र खाते. खालची पेंटेकोस्टल नर्स म्हणते, खाऊ नये. आमचा यावर पुष्कळ वाद झालाय आणि दोघीही आधार काढतो तो पौलाच्या एकाच पत्राचा, करिंथकरांस पहिले, आठवा अध्याय. तिला त्यातलं दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये ते दिसतं, मला मूर्ती काहीच नाही ते दिसतं. सर बिचारे पहिल्या वर्षी घाबरत घाबरत म्हणाले होते, तुम्हाला चालत नसेल तर घरी गेलात तरी चालेल. घरी गेले असते तर सोपं झालं असतं. सोबत काम करणाऱ्यांच्या सणाला पाठ फिरवणं मला ख्रिस्ती वाटत नाही; कदाचित मी चुकत असेन, पण लाडवाच्या बाबतीत मला झोप लागते. टँकरच्या बाबतीत लागली नव्हती.

खरी ओढाताण होते ती मार्चमध्ये. ईस्टर हा चंद्राच्या हिशेबाने फिरणारा सण, आणि आमचं वर्ष 31 मार्चला मिटतं. 2024 साली दोन्ही एकाच दिवशी आले. उत्तम शुक्रवार 29 मार्चला, पुनरुत्थानाचा रविवार 31 ला. त्या रविवारी सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांच्या शाखाही उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं, तिथे आमच्यासारख्यांचं काय? शुक्रवारी मी बारा ते तीनची उपासना सोडली नाही. क्रुसावरचे सात उद्गार, प्रत्येकावर एकेक मनन. फोन बंद ठेवला. उघडल्यावर त्यात काय काय येऊन पडलं होतं ते सांगत नाही.

रविवारी पहाटेच्या उपासनेला जायला मेट्रो नसते. चेची, दोन नर्सेस, मी आणि नवरा, पाच जण एका टॅक्सीत कोंबून गेलो. उजाडता उजाडता प्रांगणात मेणबत्त्या, गार वारा, त्या विझायच्या आणि शेजारच्याकडून पुन्हा पेटवायच्या. "ख्रिस्त उठला आहे!" म्हणून बाबांचा फोन आला तेव्हा त्यांच्यामागे गावच्या घंटेचा आवाज येत होता. "खरोखर उठला आहे" असं उत्तर देऊन मी ब्लू लाइन पकडली आणि सेक्टर दहाला उतरून एका सोसायटीच्या ऑफिसात रोकड मोजायला बसले.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी पेटीतली रोकड प्रत्यक्ष मोजावी लागते, तिला पर्याय नाही. मॅनेजर गढवालचा, पन्नाशीचा, रविवारी मेंटेनन्स भरायला लोक येतात म्हणून तोही आलेला. शंभराच्या नोटा, पन्नासच्या, दहाच्या मळक्या गड्ड्या, रबर लावलेल्या. मी मोजायचं, त्याने पुन्हा मोजायचं, कागदावर मांडायचं, दोघांनी सही करायची. मध्येच त्याने विचारलं, "मैडम, आज आपका कोई त्योहार है ना? बड़ा दिन तो दिसंबर में हो गया." मी सांगितलं, शुक्रवारी प्रभू येशूला क्रुसावर मारलं, आज तिसऱ्या दिवशी तो उठला. त्याने अंगठा ओला केला, दहाची गड्डी मोजत राहिला, गड्डी संपली तेव्हा म्हणाला, "अच्छा. फिर?"

फिर? इतक्या उपासनांना बसून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. चर्चमध्ये 'उठला' म्हटलं की गाणं सुरू होतं, पुढचं कुणी विचारत नाही. मी शास्त्र आठवायला लागले आणि योहानाचा शेवटचा अध्याय आठवला. "फिर चेले वापस मछली पकड़ने चले गए. रात भर कुछ नहीं मिला. सुबह किनारे पर देखा तो प्रभु ने उनके लिए नाश्ता बना के रखा था. मछली और रोटी."

"ख़ुद बनाया?"

"ख़ुद. कोयले पर."

तो हसला. म्हणाला, हे छान आहे, आमचे देव स्वयंपाकाचं एवढं मनावर घेत नाहीत. मग खाली जाऊन त्याने दोघांसाठी ब्रेड-पकोडा आणला. रोकड चाळीस रुपयांनी कमी भरत होती. स्टेशनरीची एक चिठ्ठी ड्रॉवरच्या मागे अडकलेली सापडली, तेव्हा ताळा जमला.

यंदा चेची आयर्लंडला गेली. द्वारकेतल्या नर्सेसचं असंच असतं. अनुभवाची वर्षं भरली, परीक्षा झाली की जातात. वही तिने खालच्या पेंटेकोस्टल मुलीकडे दिली, लाडू न खाणाऱ्या. मला वाटलं होतं माझ्याकडे देईल, रकाने मला कळतात म्हणून. पण तिचं बरोबर आहे. ती मुलगी विचारायला भीत नाही, आणि माझा विचारण्याचा आवाज आता ऑफिसातला झालाय, त्याने माणूस बोलायचं थांबतं. गुरुवारी ती मला विचारते. लाडवाचंही विचारते.

माझ्याकडे मात्र दुसरंच काम आलं. चर्चच्या समितीने या वर्षी आमच्या मंडळीचे हिशेब फुकट तपासून द्याल का म्हणून विचारलं. बाजाराच्या पिशवीत घालून फायली घरी आल्या. सुगीच्या सणातल्या लिलावाचे पैसे एका निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर मांडलेले: भोपळा इतक्याला, अंडी इतक्याला, कोंबडा इतक्याला. बेरीज बरोबर होती, पावती एकही फाडलेली नव्हती. नाताळात जनरेटरला घातलेल्या डिझेलचं बिलच नव्हतं, नुसती रक्कम. मी खजिनदारांना उपासनेनंतर पायऱ्यांवर गाठलं. वयस्क आहेत, चाळीस वर्षं मंडळीची सेवा केलेले, स्वतःच्या खिशातून घालणारे. ते दुखावले. "बेटी, चर्च में भी बिल माँगोगी?"

"अंकल, चर्च में तो ज़्यादा माँगूँगी."

त्यांच्या बायकोने मध्ये पडून चहा दिला. पुढच्या रविवारी त्यांनी पावतीपुस्तक छापून आणलं, नंबर घातलेलं, कार्बनसकट. डिझेलचं बिल अजून मिळालेलं नाही. पंपवाल्याकडे जाऊन येतो म्हणाले आहेत. या रविवारी पुन्हा विचारणार आहे.